टाकलेला तिसरा आकडा

माझ्या एप्रनवर नावाचा बिल्ला होता, तरी वसंत बोंद्र्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव तीन ठिकाणी विचारून घेतलं. आधी वॉर्डबॉयला, मग सिस्टरला आणि शेवटी थेट मला. मी म्हटलं, "वाचता येतं ना तुम्हाला?"

"येते ना मॅडम. पण बिल्ल्यावर काय, कोनाचंही नाव लिहिता येते."

हे त्यांनी थट्टेने म्हटलं नव्हतं. बोंद्रे थट्टा करत नसत. तीन जणांनी सांगितलेलं नाव एकच निघालं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी मला माझं नाव विचारलं नाही.

नागपुरातल्या ज्या हॉस्पिटलात मी भूल देते, तिथे यकृत प्रत्यारोपण नव्यानेच सुरू झालं होतं. बोंद्रे आमच्या विभागातले टेक्निशियन. वय छप्पन-सत्तावन्न, अंग काटकुळं, केस तेल लावून चापून बसवलेले. मूळचे खाप्याचे. तिथे भाऊ शेती सांभाळून गवंडीकाम करायचा, आणि हे सक्करदऱ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. नोकरी कंत्राटी. दरवर्षी मार्चमध्ये कागद नवा व्हायचा. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी बोंद्रेच म्हणायचे.

त्यांचं मुख्य काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. यकृत बदलताना पोटात उलथापालथ चालते. मोठ्या शिरा दाबल्या जातात, रक्त जातं, आणि हृदयाकडे परतणारं रक्त मिनिटामिनिटाला कमी-जास्त होतं. अशा वेळी नुसतं ब्लडप्रेशर पाहून भागत नाही. हृदय मिनिटाला किती लिटर रक्त बाहेर ढकलतंय ते कळावं लागतं. त्यासाठी मानेच्या शिरेतून एक लांब नळी हृदयातून पुढे, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात. मग त्या नळीतून बर्फात गार केलेलं दहा मिली सलाईन एका झटक्यात आत सोडायचं. नळीच्या टोकाशी रक्त किती गार झालं आणि किती लवकर पुन्हा कोमट झालं, त्यावरून मशीन आकडा काढते. असं तीनदा करायचं. तीन आकडे जवळजवळ असले तर त्यांची सरासरी घ्यायची. एखादा फटकून असला तर तो टाकून द्यायचा. जगभर असंच करतात.

सलाईन ढकलण्याचं काम बोंद्र्यांचं. आणि टाकलेला आकडा त्यांना सहन होत नसे.

मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता असं म्हणणं अपुरं होईल. त्यांचा कशावरच नव्हता. बर्फाच्या भांड्यात तापमान मोजायची वायर असते, तिच्या शेजारी ते स्वतःचा साधा थर्मामीटर बुडवून ठेवत. एकदा मी विचारलं, "आणि हा थर्मामीटर चुकीचा असला तर?" ते म्हणाले, "म्हनून तर दोन आनले," आणि खिशातून दुसरा काढला.

प्रेशर मोजणारा जो डबीसारखा भाग असतो, तो पेशंटच्या हृदयाच्या पातळीत हवा. पंजाभर खाली-वर झाला तरी आकडा खोटा येतो. बाकीचे लोक ते नजरेने लावतात. बोंद्र्यांनी भावाकडून गवंड्यांची पारदर्शक नळी आणली होती. तीत पाणी भरून, दोन्ही टोकं दोन हातांत धरून, एक पेशंटच्या छातीशी आणि एक त्या डबीशी लावून ते पातळी जुळवायचे. शस्त्रक्रियेच्या मध्येच टेबल तिरकं केलं की पुन्हा नळी. आमचे मुख्य सर्जन, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, एकदा वर न बघता म्हणाले, "बोंद्रे, स्लॅब कधी टाकताय?"

"पेशंट निघाला की टाकू सर," बोंद्रे म्हणाले आणि नळीतलं पाणी स्थिर व्हायची वाट पाहत राहिले.

यकृताच्या पेशंटचे हातपाय बहुधा ऊबदार असतात, कारण त्यांचं हृदय जास्तच जोरात पळत असतं. निरोगी माणसाचं मिनिटाला साधारण पाच लिटर, तर यांचं सात, आठ. बोंद्रे दर अर्ध्या तासाने चादरीखाली हात घालून पेशंटच्या पायाचे अंगठे, घोटे, पिंढऱ्या चाचपत. मला आधी वाटलं, ही जुन्या दवाखान्यातली सवय असेल. पण तेही ते तपासणीसारखं करत. आकडा काय म्हणतो आणि पाय काय म्हणतात, ते जुळतं का.

यातही ते नेहमी बरोबर असत असं कुणी समजू नये. एकदा ऐन कामात त्यांनी हात वर केला, "मॅडम, पाय थंडगार पडून राहिले." मी घाबरले. सरांना थांबवलं. दहा मिनिटं सगळी शोधाशोध झाली. शेवटी निघालं काय, तर पायांवरचं गरम हवेचं ब्लँकेट सरकून खाली पडलं होतं. सर म्हणाले, "बोंद्रे, पुढच्या वेळी पेशंटला मोजे घालून आणा." अख्खी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, हसली. बोंद्रे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एप्रनच्या खिशातून लांबट निळी वही काढली आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

त्या वहीपासून माझं डोकं भणभणायला लागलं.

कारण ती मी आधीही पाहिली होती. मी "हा टाका" म्हटलं की मशीनवरचा तो आकडा पुसला जाई, आणि पाचेक मिनिटांनी बोंद्रे कोपऱ्यात तोंड करून वही काढत. आमच्या अधिकृत कागदावर फक्त सरासरी जायची. टाकलेले आकडे जगात कुठेच राहत नसत, त्या निळ्या वहीशिवाय. मी प्रीतीला विचारलं. प्रीती आमची तरुण टेक्निशियन, बोंद्र्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

"भाऊ सगळंच लिहितात मॅडम. कोणी टाकायला सांगितला, तेपण."

"नावासकट?"

ती म्हणाली, "मी वाचली नाही. पण एक रकाना आहे, 'कोण' म्हणून."

मी वीस वर्षं हॉस्पिटलांत काढली आहेत. लोक वह्या का ठेवतात ते मला माहीत आहे. कुणी उद्या उपयोगी पडेल म्हणून, कुणी दुसऱ्या हॉस्पिटलातल्या ओळखीच्या माणसाला दाखवायला, कुणी नुसतं कुणाची तरी मान हातात राहावी म्हणून. कंत्राटी माणसाला तर असं काहीतरी हाताशी ठेवण्याचं कारणही असतं. मी बोंद्र्यांवर नजर ठेवायला लागले. कुणाशी बोलतात, फोनवर हळू आवाजात काय सांगतात, रेकॉर्ड रूमकडे कशाला जातात. एकदा तिकडून येताना दिसले तेव्हा मी अडवलं.

"इकडे काय काम होतं?"

"मागच्या पेशंटचे आकडे पाहाले गेलो होतो."

"कशाला?"

"बरोबर लिहिले का नाही ते."

"ते मी लिहिलेत."

"हो ना," बोंद्रे म्हणाले. "म्हनूनच."

आता सांगा, या माणसावर कोण विश्वास ठेवील?

मग तो फिटर आला. बुटीबोरीच्या एका कारखान्यात काम करणारा, चाळिशीतला. यकृत पूर्ण खराब, आणि बायको आपल्या यकृताचा तुकडा द्यायला तयार. दोन ऑपरेशन थिएटरांत दोघांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी. सकाळी त्याच्या हृदयाचा आकडा सात पूर्णांक चार आला, पाय ऊबदार, सगळं अपेक्षेप्रमाणे. दुपारी जुनं यकृत सोडवण्याचं काम चालू असताना प्रेशर घसरायला लागलं.

मी औषधांची तयारी करत होते. वेळ जाऊ नये म्हणून एका हाताने पुढचं सामानही लावून ठेवत होते, ही माझी सवय आहे. म्हटलं, "बोंद्रे, आकडे घ्या."

पहिला आला सात पूर्णांक दोन. दुसरा सात. तिसरा चार पूर्णांक सहा.

"तिसरा टाका," मी म्हटलं. "दोन जुळतात, सकाळशीही जुळतात."

"मॅडम, तिसरा टाकू नोका. अजून एक घेऊन पाहू."

"वेळ नाही बोंद्रे. प्रेशर पडतंय."

मी कागदावर सात पूर्णांक एक लिहिलं. हृदय सात लिटर ढकलतंय आणि तरी प्रेशर पडतंय, म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडल्यात, असा त्याचा सरळ अर्थ. यकृताच्या पेशंटमध्ये हे नेहमीचंच. मी रक्तवाहिन्या आवळणारं औषध वाढवलं. प्रेशर थोडं चढलं, मग पुन्हा उतरलं. मी आणखी वाढवलं.

बोंद्रे दोन मिनिटं नुसते उभे होते. मग टेबलाच्या पायथ्याशी गेले, आधी ब्लँकेट जागेवर आहे का ते पाहिलं, त्यातून गरम हवा येते का ते पाहिलं, आणि चादरीखाली हात घातला. पण मला काही बोलले नाहीत. मोज्यांवरून हसलेली ओटी त्यांच्या लक्षात असावी. ते प्रीतीकडे वळले.

"हात लाव वं. काय लागते?"

"थंड, भाऊ."

"कुठलोक?"

प्रीतीने हात वर सरकवत नेला. "गुडघ्याच्या वरपर्यंत."

"दहा मिनिटांनी पुन्हा पाहू," बोंद्रे पुटपुटले. आणि ते खरंच दहा मिनिटं थांबले. मग पुन्हा हात लावला, आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमीही लावा एकडाव."

मी चिडून हात घातला. मांडीपर्यंत थंड होता तो माणूस.

बोंद्र्यांनी बर्फातून तीन नव्या सिरिंजा काढल्या, एकेक आपल्या गालाला लावून पाहिली. चार पूर्णांक तीन. चार पूर्णांक एक. चार पूर्णांक दोन. हृदयाकडे रक्तच परतत नव्हतं.

"सर, रक्त कुठेतरी जातंय," मी म्हटलं.

"इथे कोरडं आहे," सर म्हणाले.

"उजवीकडे मागे बघा. प्लीज, बघाच."

सरांनी दाबून ठेवलेली कापडं उचलली. खाली काळसर रक्त साचलेलं होतं. पहिल्या तीन आकड्यांपासून तिथवर वीस मिनिटं गेली होती.

तो माणूस वाचला. नवं यकृत लागलंही चांगलं. पण त्या वीस मिनिटांनी त्याच्या किडन्या रुसल्या, आणि बारा दिवस डायलिसिसवर काढावे लागले. त्याची बायको, पोटावर स्वतःचे टाके घेऊन, व्हीलचेअरवर बसून रोज आयसीयूच्या काचेतून त्याला बघायची. मी तिथून जाताना पाऊल जरा भरभर उचलायचे.

अशी केस झाली की मीटिंग होते. ही मीटिंग मात्र वेगळी असणार होती, कारण बायकोच्या भावाने लेखी विचारलं होतं: वीस मिनिटं का लागली? वीस. आकडा नेमका होता. आणि आदल्याच दिवशी त्या भावाला आणि बोंद्र्यांना कँटीनच्या दाराशी बोलताना मी पाहिलं होतं.

मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. मशीन ठीक, वायर ठीक. मग राहिलं काय? गार पाणी. पहिल्या दोन सिरिंजा पुरेशा गार नसणार. मशीनने भांड्यातल्या बर्फाचं तापमान धरलं, आत गेलं कोमट पाणी, म्हणून आकडा फुगून आला. इथपर्यंत सगळे सहमत झाले. आणि सिरिंजा गार ठेवायचं काम कुणाचं? अधीक्षक मला म्हणाले, "टेक्निशियनची चूक, असं साधं लिहून देऊ. मार्चमध्ये त्याचं कंत्राट संपतंच आहे. नूतनीकरण करायचं नाही, विषय मिटला." सर काही बोलले नाहीत. मीही काही बोलले नाही. मीटिंग सोमवारी होती.

बोंद्र्यांना हे कळलं होतं. हॉस्पिटलात काय कळत नाही? तरी ते गप्प होते. सकाळी येत, थर्मामीटर बुडवत, नळीने पातळी जुळवत. वही खिशात. आणि त्यांचं गप्प बसणं मला सगळ्यात जास्त खुपायला लागलं. त्यांनी "टाकू नोका" म्हटलं होतं. मी टाकायला लावला होता. ते वहीत लिहिलेलं असणार, माझ्या नावासकट. मग बोलत का नाहीत? सोमवारची वाट पाहतायत? की मी काही देऊ करीन याची?

रविवारी मी गाडी काढली आणि सक्करदऱ्याला गेले. मला वाट पाहत बसता येत नाही.

बोंद्र्यांच्या बायकोने दार उघडण्याआधी आतून विचारलं, कोण? मग बोंद्र्यांचा आवाज आला, "कोन म्हनते थे?" मग खिडकीचा पडदा हलला. मग दार उघडलं.

"मॅडम आहे वं, खऱ्या," बोंद्रे म्हणाले.

वहिनींनी चहा टाकला. बोंद्रे उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि भांड्यात डोकावून आले. वहिनी तिथूनच म्हणाल्या, "तीस वर्षं झाले माह्या चहाले, मॅडम. अजून साखर टाकली का नाही ते पाहाले येते हा मानूस. लग्नाच्या वक्ती माह्या बापाले गाव विचारलं, मग मामाले विचारलं, मग गावात जाऊन आले, गाव जाग्यावर आहे का नाही पाहाले."

"होतं ना पन जाग्यावर," बोंद्रे म्हणाले.

"होतं म्हनून तर फसली मी."

चहा येईपर्यंत मी थांबले नाही. विचारलं, "त्या पेशंटच्या मेव्हण्याला वीस मिनिटं तुम्ही सांगितलीत?"

"मी काहून सांगीन? त्यानं मले तीनदा विचारलं. मी म्हटलं, मॅडमले विचार. तो म्हने, वीस मिनिटाचं तर मोठ्या डाक्टरनंच सांगितलं त्या दिवशी."

आणि मला आठवलं. शस्त्रक्रिया संपल्यावर सर बाहेर येऊन नातेवाइकांना म्हणाले होते, मध्ये वीस मिनिटं जरा त्रास झाला. मी शेजारीच उभी होते.

"मला ती वही बघायची आहे," मी म्हटलं.

नाही म्हणतील, किंवा कशाला म्हणून विचारतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी खुंटीवरच्या एप्रनच्या खिशातून वही काढली आणि माझ्या हातात दिली. "पाहा ना. लपवाचं काय त्यात? फक्त अक्षर माहं बरोबर नाही."

अक्षर खरंच वाईट होतं. पण रकाने सरळ होते, पट्टीने आखलेले. टाकलेला आकडा. बाकीचे दोन. काहून टाकला. आणि शेवटचा रकाना: कोण. माझं नाव शोधत मी पानं उलटत गेले. 'हात हलला – मी.' 'सलाईन हळू गेलं – मी.' 'श्वासाचा वेळ चुकला – मी.' 'बर्फ कमी – मी.' 'ब्लँकेट पाहिलं नाही, ओरडलो – मी.' मधूनच एखादं 'मशीन', त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. कुठे कुठे 'समजलं नाही'. पानामागून पान, तीन वर्षांचं. माझं नाव कुठेच नव्हतं. कुणाचंच नव्हतं. 'कोण' या रकान्यात या माणसाने तीन वर्षं स्वतःलाच पकडलं होतं.

त्या दिवसाचं पान आलं. ४.६. टाकला. दोनाशी जुळत नाही म्हणून. खरा हाच होता. मग खाली: 'पहिल्या दोन सिरिंजा कुठून घेतल्या ते पाहिलं नाही. हाताले गार लागल्या नाही, तरी ढकलल्या. मी.' आणि त्याखाली, दुसऱ्या दिवशी लिहिलेलं असावं, पेन्सिल वेगळी होती: 'पाय थंड समजल्यावर दहा मिनिट बोललो नाही. हसतीन म्हनून. मी.'

मी ते पुन्हा वाचलं. पहिल्या दोन सिरिंजा कुठून घेतल्या.

ट्रेवरून घेतल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोर तो ट्रे आला, औषधांच्या सिरिंजांशेजारी त्या दोन. ट्रेवर त्या मी ठेवल्या होत्या. प्रेशर पडायच्या दहा-एक मिनिटं आधी, लागतील तेव्हा हाताशी असाव्यात म्हणून, मीच भांड्यातून काढून ठेवल्या होत्या. एका हाताने पुढचं सामान लावून ठेवायची माझी सवय. आणि "आकडे घ्या" म्हणताना त्या उचलून बोंद्र्यांच्या हातात दिल्याही मीच. तिसरी त्यांनी स्वतः बर्फातून घेतली.

"बोंद्रे," मी म्हटलं, "त्या दोन मी काढून ठेवल्या होत्या. ट्रेवर."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल.

"पक्कं आठवते तुमाले?"

"हो."

"का मले वाचवाले म्हनून राहिल्या?"

"मी असं कधी कुणासाठी केलंय का?"

त्यांनी विचार केला. "नाही," म्हणाले. "पन दुसरं कोनी पाहिलं काय?"

मी माझा गुन्हा कबूल करत होते आणि हा माणूस साक्षीदार मागत होता. मी तिथूनच प्रीतीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं. प्रीती म्हणाली, "हो मॅडम. तुम्हीच ठेवल्या होत्या. मला वाटलं मुद्दाम ठेवल्या असतील. मग विचारायची हिंमत नाही झाली."

"झाले दोन," बोंद्रे म्हणाले. "तिसरं कोन?"

"तिसरी तुमची वही," मी म्हटलं. "हाताला गार लागल्या नाहीत, असं लिहिलंय तुम्ही."

हे त्यांना पटलं. त्यांनी पेन्सिल घेतली, सिरिंजांच्या ओळीतलं 'मी' खोडलं नाही, त्याच्यापुढे 'मॅडम' लिहिलं, आणि वही बंद केली. वहिनींनी पोहे आणले. मी खाल्ले. माफी वगैरे मी मागितली नाही आणि त्यांनी तशी अपेक्षाही केल्याचं दिसलं नाही.

सोमवारी मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि जसं झालं तसं सांगितलं. सिरिंजा मी काढल्या, तिसरा आकडा मी टाकला, बोंद्रे टाकू नका म्हणाले होते. अधीक्षक माझ्याकडे, मी काही अशोभनीय बोलल्यासारखे बघत राहिले. सर म्हणाले, "हे कागदावर कसं लिहायचं?" मी म्हटलं, "आत्ता बोलले तसं." त्या भावाला मी स्वतः सांगितलं, त्याच्या बहिणीसमोर. भाऊ खूप बोलला. बहिणीने नुसतं विचारलं, "त्यांची लघवी आज किती झाली?" मी आकडा सांगितला. चांगला होता.

मला लेखी समज मिळाली. ती अजून फाइलमध्ये आहे. बोंद्र्यांचं कंत्राट मार्चमध्ये नवं झालं, आणि पुढच्या मार्चलाही. आमच्या कागदावर तेव्हापासून एक रकाना वाढला. टाकलेला आकडा, का टाकला, सिरिंज कुणाच्या हातातून आली. नव्या डॉक्टरांना तो रकाना कटकटीचा वाटतो. मी भरून घेते.

बोंद्रे त्यानंतर माझ्याशी वेगळं वागले का? मुळीच नाही. उलट, मी सिरिंज उचलली की ते माझ्या हातातून घेऊन गालाला लावून बघायचे. सगळ्यांसमोर. साठ पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे थांबले, खाप्याला जाऊन राहणार म्हणाले. निरोपसमारंभात त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी ते कानाला लावलं, मग हॉलमधल्या घड्याळाशी जुळवलं, मग प्रीतीला विचारलं, "किती वाजले वं?"

शेवटचं मी त्यांना बसस्थानकावर पाहिलं. माझ्या मावशीला उमरेडच्या गाडीत बसवून मी परत निघाले होते. पलीकडच्या फलाटावर एक गाडी उभी होती, काचेवर मोठी पाटी: खापा. बोंद्रे पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. खांद्यावरच्या पिशवीतून ती पारदर्शक नळी गुंडाळीने बाहेर डोकावत होती.

"हे खाप्याले जाते काय?" त्यांनी कंडक्टरला विचारलं.

"पाटी दिसून नाही राहिली काय, काका? जाते."

खिडकीतल्या बाईला विचारलं. "हौ भाऊ, जाते. बसा."

मग खाली टोपली घेऊन बसलेल्या बोरंवाल्या म्हातारीला विचारलं. तिने मानही वर केली नाही. "नाही जात आज. सावनेरलोकच जाऊन राहिली थे."

कंडक्टरने घंटी ओढली. "चढता का नाही काका? दोघं हो म्हनून राहिलो ना आमी!"

बोंद्र्यांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. गाडी हलली, वळली आणि स्थानकाबाहेर पडली. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. ते माझ्याकडे पाठ करून म्हातारीच्या टोपलीशेजारी उकिडवे बसले होते, आणि तिला विचारत होते, "तुले कोनं सांगितलं वं माय?"